स्वतःची स्टाइल, मॅडमसारखी

१९८७ साली वृंदा पोतनीस दक्षिण दिल्लीतल्या एका डिझाइन कॉलेजात दाखल झाली, तेव्हा तिला कमरेपर्यंत वेणी होती आणि आईने शिवलेले फुलाफुलांचे सलवार-कमीज होते. थोडक्यात, तिला व्यक्तिमत्त्व नव्हतं. हे तिला पहिल्याच तासाला कळलं.

तो तास अलकनंदा मॅडमचा होता. मॅडम मूळच्या मुंबईच्या. केस मानेपर्यंतही न पोचणारे, डोळ्यांवर जाड काळ्या काड्यांचा चष्मा, अंगात गडद निळा हातमागाचा कुर्ता, बोटात सुपारीएवढी चांदीची अंगठी आणि पायात पुरुषी कोल्हापुरी. त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कुणाचीही नक्कल करू नका. स्वतःला शोधा."

वर्गाने हे इतकं मनावर घेतलं, की दिवाळीपर्यंत निम्म्या मुलींनी स्वतःला शोधून काढलं. सगळ्यांना आपापला आत्मा निळ्या कुर्त्यातच सापडला, हा योगायोग. मुलगे मागे राहिले नाहीत. त्यांनी अंगठ्या घेतल्या.

वृंदाची वेणी गेली त्या दिवशी तिची आई, सरलाबाई, स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. आर. के. पुरमच्या त्या सरकारी क्वार्टर्समध्ये रडणं भिंतीपलीकडे ऐकू जायचं, म्हणून त्यांनी आधी मिक्सर लावला. वडील भालचंद्रराव केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. त्यांनी तिच्या नव्या चष्म्याची चौकशी केली.

"नंबर किती निघाला?"

"शून्य."

"मग चष्मा कशाला?"

"बाबा, प्लीज यार. ती फ्रेम आहे."

भालचंद्ररावांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. सरकारी नोकरीत न कळलेल्या गोष्टी पुढे सरकवायची सवय लागते.

मॅडमना गुडघ्याचा त्रास होता, म्हणून त्या सावकाश चालत. वृंदा आणि तिच्या मैत्रिणीही सावकाश चालू लागल्या. त्यापायी डीटीसीच्या कितीतरी बस चुकल्या, पण चालण्यात वजन आलं. मॅडम कुठलंही चित्र पाहिलं की थांबून विचारत, "हं... पण का?" हे वाक्यही घरोघर गेलं.

"वृंदा, आज आमटी केलीय, गरम आहे तोवर बस," सरलाबाई एकदा म्हणाल्या.

"हं... पण का?"

त्या दिवशी तिला उपाशी ठेवायला हवं होतं. पण आई ती आईच. तिने वाढलं.

शेवटच्या वर्षी निरोपाचा कार्यक्रम झाला. मॅडम व्यासपीठावरून खाली बसलेल्या वर्गाकडे पाहत होत्या. ओळीने आखूड केस, ओळीने काळे चष्मे, ओळीने निळा रंग. "इतकी वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं मी एका वर्गात कधी पाहिली नाहीत," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी हे अगदी मनापासून म्हटलं होतं, हेच त्यातलं विशेष.

मग नोकरी. ओखल्यात खुराना नावाच्या गृहस्थांचा कपडे निर्यातीचा कारखाना होता. त्यांना एक डिझायनर हवी होती. कॉलेजातून सहाजणी गेल्या आणि बाहेरच्या बाकावर ओळीने बसल्या. एकेक आत जाऊन आली. खुरानांनी प्रत्येकीपुढे तोच एक शर्ट ठेवला आणि मत विचारलं. वृंदा शर्टातल्या मोकळ्या अवकाशाबद्दल बोलली. खुराना जांभई दाबत ऐकत राहिले.

तिच्यानंतर करोलबागेची अरुणा आत गेली. अरुणा वृंदाच्याच वर्गातली, शेजारच्या टेबलावर बसणारी. ती बाहेर आली तेव्हा आतून खुरानांचा हसण्याचा आवाज येत होता. शेवटची मुलगी झाल्यावर मॅनेजर बाहेर आला. साहेबांनी त्याला सांगितलं होतं, नीला कुर्ता, काला चश्मा, बड़ी अँगूठी. त्याने बाकाकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि वृंदासमोर थांबला.

"आप. सोमवार से आ जाइए."

घरी पेढे वाटले गेले. मोकळ्या अवकाशाचा विजय झाला होता.

सोमवारी खुरानांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "बेटा, वो बटनवाली बात कमाल थी. बटन भारी है, कपड़ा पतला है, दो धुलाई में फट जाएगा. दस साल से मेरे किसी आदमी ने नहीं बोला."

वृंदा बटणाबद्दल एक अक्षरही बोलली नव्हती. क्षणभर तिला काही उमगेना. मग आदल्या आठवड्यातला तो बाक डोळ्यांपुढे आला. ती "थैंक यू सर" म्हणाली आणि बाहेर आली.

त्या दिवशी तिला डबा गेला नाही. दुसरीची नोकरी आपल्याला मिळाली, याची लाज होतीच. पण त्याहून खोल काहीतरी टोचत होतं. मॅनेजरला दोष देता येत नव्हता. त्याला जे सांगितलं होतं, तेच त्याने शोधलं होतं. तीन वर्षं स्वतःला शोधून ती बाकावरच्या कुणाच्याही जागी खपून जाईल अशी झाली होती.

संध्याकाळी ती करोलबागेत अरुणाकडे गेली आणि तिला सगळं सांगितलं. अरुणाने आधी तोंडाला आलं ते ऐकवलं, मग रडली, मग चहा टाकला. दुसऱ्या दिवशी दोघी केबिनमध्ये उभ्या राहिल्या.

"सर, बटनवाली ये है," वृंदा म्हणाली. "मैं दूसरी हूँ."

खुरानांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्यांना हसू आवरेना.

"तू आके बोल गई, ये भी कम नहीं है," ते म्हणाले. "चलो, दोनों रहो. सैंपलिंग में काम बहुत है. मगर एक जनी कल से कुछ और पहन के आए. मुझे चिल्लाना किस पे है, ये तो पता चले!"

बाहेर आल्यावर अरुणा म्हणाली, "मी नाही बदलणार हं. मला हा कुर्ता खरंच आवडतो."

"मलाही," असं म्हणायला वृंदाने तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं. आवडतो का? हे तिने कधी तपासलंच नव्हतं.

सरलाबाईंना तर सणच झाला. मुलीला घेऊन त्या सरोजिनी नगरच्या बाजारात गेल्या. दुकानदाराने विचारलं, "बहनजी, क्या दिखाऊँ?" डिझाइनमध्ये डिप्लोमा घेतलेल्या वृंदाला उत्तर देता येईना. प्रत्येक कपडा हातात घेतला की डोक्यात कुणीतरी टेबलाला टेकून विचारायचं, हं... पण का? आणि कारण न मिळाल्यामुळे कपडा परत ढिगात जायचा. दुकानामागून दुकान झालं. सरलाबाईंचे पाय दुखायला लागले.

"अगं, कशाला हवंय कारण? घे ना एखादा!"

वृंदाने समोरचा पहिला कपडा उचलला. केशरी रंग, त्यावर केळीच्या पानांएवढी हिरवी पानं, आणि कॉलर अशी की वारा आला तर ती उडून जाईल. त्याची बाजू घेता येईल असं एकही वाक्य तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. तिने तो छातीशी धरून दुकानातल्या तडकलेल्या आरशात पाहिलं आणि तिला खुदकन हसू आलं.

"हा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात शिरली तेव्हा शिलाईच्या मशिनी एकामागून एक थांबल्या. खुरानांनी काचेतून पाहिलं, डोळे चोळले आणि दार उघडून थेट तिच्यावर ओरडले, "वृंदा! कल के कॉलर किसने काटे?"

तिनेच कापले होते, आणि वाकडे कापले होते. नाव न चुकता, सगळ्यांदेखत, तिला पंधरा मिनिटं बोलणी बसली. मान खाली घालून ती ऐकत होती, आणि अरुणा सांगते की त्या वेळी तिचा चेहरा बक्षीस मिळाल्यासारखा फुलला होता.