साडेतीनचा रविवार

बुधवारी सकाळी मी शाळेत शिकवायला निघाले होते, तेव्हा मामाजी, म्हणजे माझे सासरे, दारात आडवे आले. "कल्पना, आज रविवार हाय. शाळेतून सीधी घरी ये."

मला वाटलं, वय झालं. मी म्हटलं, "मामाजी, आज बुधवार आहे."

"क्यालेंडरचा असन. आज दिवाकरचा ऑफ हाय ना? मंग आपला रविवारच झाला."

दिवाकरभाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. ते स्टील प्लांटमध्ये शिफ्ट ड्युटीला. त्यांची सुट्टी दर आठवड्याला सरकायची, आणि तिच्यासोबत मामाजींचा रविवारही. स्वतः मामाजींची सगळी नोकरी तिथेच कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्टीवर, गेली होती. ते ड्युटीवरून यायचे तेव्हा पोरं शाळेत तरी असायची, नाही तर झोपलेली. झाकून ठेवलेलं ताट उघडायचं आणि एकट्यानं जेवायचं. सासूबाई गेल्या, पाठोपाठ ते रिटायर झाले, सेक्टरमधलं प्लांटचं क्वार्टर सोडलं आणि स्मृति नगरला आमच्याकडे, म्हणजे माझा नवरा सुधाकर याच्या घरी, आले. आल्याआल्या त्यांनी फर्मान काढलं. आठवड्यातून एकदा दोन्ही घरं एका पंगतीत जेवतील, दुपारी साडेतीनला.

"साडेतीन ही काय जेवायची वेळ झाली?" मी विचारलं.

"तोवर तू अन् पोट्टे शाळेतून येता. सुधाकर दुकानाचं शटर पाडून येते. दुसरी सांग वेळ."

मी बराच विचार केला. दुसरी वेळ नव्हतीच.

स्वयंपाक ते स्वतः करायचे. पाटवड्यांचा झणझणीत रस्सा, भात, जाड पोळ्या. ओटा पुसणं मात्र माझ्याकडे. मला हे फारसं पसंत नव्हतं, स्पष्ट सांगते. गॅस कमी करा म्हटलं की ऐकवायचे, "भट्टीवाल्याले आच नको शिकवू." मुलं हिंदीत कुरकुरायची, "दादाजी, मिर्ची बहुत है." त्यावर म्हणायचे, "मराठीत सांग, मंग कमी टाकतो." माझा मुलगा मराठी बोलायला लागला तो त्या मिरचीच्या भीतीनं.

एकदा मी वैतागून म्हटलं, "एखाद्या आठवड्याला खाडा झाला तर काय बिघडलं?"

"कोक ओव्हन कधी थंडी होऊ देत नाही, बाई. दिवाळी असो का संप, आच चालूच. एकदा का थंडी झाली, का विटा तडकते. मंग किती बी पेटव."

त्या वर्षी उन्हाळ्यात ती वेळ आली. गोंदियाकडच्या एका लग्नात कुणीतरी भाऊजींना टोमणा मारला, "थोरला असून बाप धाकट्याकडे? धाकटीनं बरोबर उचलून नेला." भाऊजींनी ते मनाला लावून घेतलं. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. फोनवर म्हणाले, ओव्हरटाइम आहे. त्याच्या पुढच्या रविवारी फोनही उचलला नाही. सुधाकर म्हणाला, "राहू दे. राग उतरला का येईल." मलाही तेच सोयीचं वाटलं. टोमणा भाऊजींना मारला असला तरी नाव माझंच घेतलं होतं.

तिसऱ्या वेळी मामाजींनी सकाळीच पाटवड्या केल्या, डबा बांधला आणि दुपारी आम्हाला उठवलं. "चला रुआबांध्याले. तो येत नाही तं आपण जाऊ."

रुआबांध्यातलं भाऊजींचं क्वार्टर वरच्या मजल्यावर. मामाजींचे गुडघे कामातून गेलेले. जिन्यात दोनदा बसले, पण कुणाचा हात घेतला नाही. दार जाऊबाईंनी उघडलं, वनिताताईंनी. त्यांची नजर थेट डब्यावर गेली.

"घरून जेवण बांधून आणलं, मामाजी? काहून? माह्या घरी चूल पेटत नाही का?"

मला जमिनीनं गिळावं असं झालं. आम्ही मनवायला आलो आणि दारातच अपमान करून बसलो. मामाजी मात्र गडबडले नाहीत.

"चुकलं माह्यं," ते म्हणाले. डबा माझ्या मुलाच्या हातात दिला. "जा, खालच्या शेजाऱ्यायले देऊन ये." मग वनिताताईंना म्हणाले, "तुह्या घरी काय हाय?"

त्या एकदम हळू बोलल्या, "बासी हाय. सकाळची उरलेली."

बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवलेला. उन्हाळ्यात इथे घरोघरी खातात, आम्हीही शेजाऱ्यांचं पाहून शिकलो. पण सासऱ्याच्या ताटात कोणती सून बासी वाढेल?

"तेच वाढ. कांदा हाय ना?"

नऊ माणसं. भात थोडा, पाणी जास्त. कांदा, हिरवी मिरची, लसणाची चटणी. माझ्या वाटीत शितं मोजकीच आली. तेवढ्यात आतल्या खोलीतून भाऊजी बाहेर आले. मामाजींनी शेजारची जागा थोपटली आणि जेवताजेवताच म्हणाले, "दिवाकर, लोक काय म्हणते ते माह्याही कानावर आलं. मी धाकट्याकडे नाही राहत. मी तळमजल्यावर राहतो. गुडघे चढत नाही, एवढंच कारण हाय."

"आज तं चढले," भाऊजी म्हणाले.

"आज चढले. पुढच्या वेळीही चढन. रोज चढा म्हणशीन तं नाही जमणार."

भाऊजी खाली मान घालून हसले आणि वनिताताईंना म्हणाले, "बाबाले अजून एक मिरची दे."

तेव्हापासून पंगत आलटून पालटून, एकदा इकडे, एकदा तिकडे. पंगतीसाठी वेगळा स्वयंपाक बंद. घरात जे असेल ते. रुसलेलं माणूस असेल तर पंगत त्याच्याच घरी, हा मामाजींचा नियम. "रुसलेल्याले बोलवाचं नाही, त्याच्या घरी जेवाले जाचं. हात रिकामे ठेवून."

मी माणसं सांभाळण्यावरची व्याख्यानं शाळेत पुष्कळ ऐकली आहेत. एवढं उपयोगी वाक्य त्यांत मला सापडलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मामाजी गेले. दिवसभर माणसं येत होती. गोंदियाकडचे एक काका भाऊजींजवळ बसले आणि सुस्कारा टाकून म्हणाले, "शेवटी म्हातारा कोणाकडे होता रे?"

मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते.

"आमच्याकडे," भाऊजी म्हणाले.

काकांनी सुधाकरकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. "हो, आमच्याकडे."

काकांना काही उलगडा झाला नाही. मी त्यांच्यासमोर चहा ठेवला.