तिघांची लेन

विनायकरावांना गाडीचं वेड कधीच नव्हतं. जपानातल्या त्या मोठ्या भूकंपाच्या दिवशी सगळ्या ट्रेन जागच्या जागी थांबल्या आणि ते ऑफिसच्या बुटांत पाय सोलून घेत चालत ग्योतोकुला घरी आले, तेव्हा सुप्रभाबाईंनी दारातच सांगून टाकलं, "अहो, गाडी घ्या. पुन्हा अशी वाट बघणं माझ्याच्यानं व्हायचं नाही." बायकोच्या धास्तीपायी आलेली ती इवलीशी पांढरी गाडी. पण माणसाचं कुठे काय जमेल, सांगता येतं का? विनायकरावांचं गाणं त्या गाडीत जमलं.

घरी गायची पंचाईत होती. भिंती अशा पातळ की पलीकडची शिंक अलीकडे ऐकू यावी. एकदा जरा आवाज चढला, तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी बिस्किटांचा पुडा घेऊन आल्या आणि वाकून वाकून विचारू लागल्या, "आपल्या यजमानांची तब्येत आता बरी आहे ना?" त्यानंतर त्या घरात सूर लागला नाही.

गाडीत मात्र काचा वर केल्या की राज्य आपलं. त्यांची कंपनी समुद्रकाठच्या कारखान्यांच्या वसाहतीत. रस्ता रोज तुंबलेला. बाकीचे चडफडायचे, विनायकराव ताना घ्यायचे. गर्दी जितकी दाट, तितका रियाज पक्का.

आणि रियाजाची गरज होती हो. गेल्या गणपतीत, भाड्याच्या हॉलमध्ये, सगळ्या मराठी मंडळींसमोर नाट्यपद रंगात आलं आणि ऐन वरच्या 'सा'वर त्यांचा आवाज फाटला. पुढच्याच खुर्चीतल्या सुहासिनीवहिनी म्हणाल्या, "असू दे हो भावजी, निदान चहा तरी गरम मिळाला." हॉलभर हशा. तेव्हापासून ह्या माणसाच्या मनात एकच: यंदा तेच पद, तोच 'सा', आणि वहिनींचा चहा गार झाला पाहिजे.

नेमकं तेव्हाच वसाहतीतल्या कंपन्यांना शहाणपण सुचलं. गाड्या फार आणि गाडीत माणूस एकच, म्हणून त्यांनी वसाहतीत जाणाऱ्या रस्त्याची एक लेन राखून ठेवली. गाडीत तिघं असतील, त्यांनीच तिथून सुसाट जायचं. लेनच्या तोंडाशी पांढऱ्या हातमोज्यांचे पहारेकरी आजोबा उभे. काचेतून डोकी मोजायचे आणि प्रत्येक डोक्यापुढे वेगळं वाकायचे.

विनायकराव आपले तुंबलेल्या लेनमधून मजेत गात जात राहिले. शेवटी साहेबांनी बोलावलं. "विनायक-सान, आपल्या विभागात एकटे येणारे आता तुम्हीच." पुढे काही बोलले नाहीत. तिथले साहेब पुढे काही बोलले नाहीत की समजायचं, फार बोलले.

मग गाडीत विभागातले इशिदा-सान आले आणि हिशेबखात्यातल्या ओनो-सान आल्या. दोघंही ग्योतोकुचेच, दोघंही इतकी वर्षं ट्रेननं येणारे. आता गंमत बघा, रस्त्यावरची एक गाडी काही कमी झाली नाही, ट्रेनमधली दोन माणसं तेवढी कमी झाली! ऑफिसभर हेच. ज्याच्याकडे गाडी, तो ट्रेनवाल्यांना गळ घालत हिंडायचा. साहेबांच्या तक्त्यात मात्र तिघांच्या गाड्या वाढत होत्या. तक्ता खूश, म्हणून साहेब खूश.

पहिल्या दिवशी विनायकरावांनी विचारलं, "मी गायलो तर चालेल ना?"

"जरूर, जरूर!"

आलाप संपला, टाळ्या. तान अडखळली, तरी टाळ्या. तीच तान पुन्हा, पुन्हा टाळ्या. तान घोटायची तर तीच ती घ्यावी लागते, हे त्यांना कोण सांगणार? शेवटी ओनो-सान अदबीनं म्हणाल्या, "हा भाग तुमच्या विशेष आवडीचा दिसतो."

विनायकरावांचा गळा तिथेच मिटला.

वर डब्यांचं लचांड. उपकार अंगावर राहू नयेत म्हणून इशिदा-सान डबाभर काहीतरी गोड आणायचे. सुप्रभाबाई रिकामा डबा परत कशा करतील? त्यात चकल्या. चकल्यांची परतफेड म्हणून पुन्हा भरलेला डबा. ना ह्यांची रीत हटे, ना त्यांची. गाडीत माणसांना पाय ठेवायला जागा उरेना.

गणपती दोन महिन्यांवर आले, नवऱ्याचं तोंड दिवसेंदिवस उतरत चाललेलं. सुप्रभाबाईंनी रविवारी दोघांना पोह्यांना बोलावलं आणि मोडक्यातोडक्या जपानीत सरळ विचारलं, "इशिदा-सान, खरं सांगा. गाडी बरी की ट्रेन?"

इशिदा-सानांनी दातांतून लांबलचक श्वास आत ओढला. तिथे नाही म्हणायचं असलं की असाच आवाज येतो.

"ट्रेनमध्ये… झोप फार छान लागते," ते म्हणाले.

"माझी कादंबरी त्याच पानावर अडलीये," ओनो-सान खाली बघत म्हणाल्या.

"आणि माझा 'सा'!" विनायकराव म्हणाले.

म्हणजे तिघंही एकमेकांच्या भिडेखातर एकमेकांना छळत होते.

"बरं, डोकी मोजतात कुठे?" सुप्रभाबाईंनी विचारलं. "लेनच्या तोंडाशी ना? मग तुम्ही दोघं ट्रेननं या. वसाहतीच्या स्टेशनला उतरा, ते लेनच्या अलीकडेच आहे, आणि तिथून ह्यांच्या गाडीत बसा."

"पण नियम…" इशिदा-सान दचकले.

"नियम म्हणतो तिघं असा. कुठपासून असा, ते म्हणतो का? घ्या, अजून पोहे घ्या."

विनायकरावांचा गळा पुन्हा उघडला. पण असली गोष्ट लपते थोडीच? महिन्याभरात त्या स्टेशनाबाहेर गाड्यांची रांग लागली, प्रत्येक गाडी आपापल्या दोन डोक्यांची वाट बघत. लेन कशी मोकळी, आणि स्टेशनाशी बसला वळायला जागा नाही. कंपन्यांनी लेन यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. स्टेशनाशी एकाएकी गर्दी का होते, ते मात्र कळेना. म्हणून नवी बैठक भरली आणि थांबणाऱ्या गाड्यांसाठी आणखी एक लेन राखावी, असा विचार निघाला.

विनायकराव त्या रांगेत काचा वर करून गात बसत. रांग लांबली की त्यांना हायसं वाटे.

गणपतीत इशिदा-सान आणि ओनो-सान पहिल्या रांगेत बसले होते. गाणं संपवून हे उठेपर्यंत हात मांडीवर ठेवायचे, अशी सुप्रभाबाईंची तंबी होती. पद चढत गेलं, वरचा 'सा' आला, लागला आणि तिथेच ठरला. हॉलमध्ये कपबशीचाही आवाज नाही.

विनायकराव उठले तसे इशिदा-सानांचे हात सुटले, टाळ्या थांबेचनात. सुहासिनीवहिनी कप हातात धरून तशाच बसलेल्या.

"वहिनी, चहा?" विनायकरावांनी विचारलं.

"गार झाला मेला," त्या म्हणाल्या. "जा, दुसरा आणा."