पेन ड्राइव्हला हळद-कुंकू

आमच्या सासूबाई धवलारीण होत्या. आम्हा आगरी लोकांच्या लग्नात मांडव घालण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवले म्हणावे लागतात, आणि ते म्हणते ती धवलारीण. पनवेल ते उरण या पट्ट्यातली किती लग्नं त्यांनी लावली असतील, देव जाणे. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली ती फक्त कुजबुज. त्या कुजबुजीतही मला टोमणे मारायला त्यांना काही कमी पडत नसे, हा भाग वेगळा.

त्यांच्या भरातल्या दिवसांची एक कॅसेट घरात होती. मुलानं जहाजावर नोकरीला जायच्या आधी बजावलं, "मम्मी, ही पेन ड्राइव्हवर करून घे." मी केली. गावातल्या स्टुडिओवाल्यानं विचारलं, "एक कॉपी माझ्याकडे राहू दे का?" मी नाक वर करून म्हटलं, "नको, आमच्या घरचा आवाज बाहेर नको." घरी येऊन कॅसेटही भंगारवाल्याला दिली. आता काय करायची ती? पन्नाशीला आलेली, गाडी चालवायला शिकलेली, स्वतःला फार मॉडर्न समजणारी बाई होते मी. तिच्या डोक्यात तेव्हा काय होतं, मला आजही सांगता येत नाही.

आमच्या गाडीच्या स्टिरिओला पेन ड्राइव्हची खाच होती. सासूबाईंचा रोजचा नेम ठरला. संध्याकाळी फाटकात उभ्या असलेल्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचं, मांडीवर वालाच्या शेंगा घ्यायच्या, आणि स्वतःचाच आवाज ऐकत सोलायच्या. मध्येच मान हलवून म्हणायच्या, "इथं घाई केली गो मी." दवाखान्यातल्या गोळ्यांपेक्षा त्या अर्ध्या तासानं त्यांना बरं वाटत होतं.

तर त्या वर्षीचा दसरा. गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. पूजेला शिलाई मशीन आलं, मिक्सर आला, विळी आली. मला वाटलं, ज्याच्यात सासूबाईंचा आवाज आहे ते असंच कसं राहील? पेन ड्राइव्ह पाटावर मांडला. कपाळ कुठलं ते कळेना, म्हणून लोखंडी तोंडालाच ओलं हळद-कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या आणि फोडलेल्या नारळाचं पाणी शिंपडलं. मनोभावे नमस्कारही केला. मग पुसून पुन्हा गाडीत खोचला.

स्टिरिओवर अक्षरं आली: NO USB.

काढला, फुंकला, पदराला पुसला, परत घातला. तेच. एवढ्यात सासूबाई शेंगांनी भरलेलं सूप घेऊन आल्या.

"लाव गो."

"आई, आज नाही. आज गाडीची पूजा झाली ना, आज गाणं लावायचं नसतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर विधी सांगितलेली बाई ती. "ह्यो नेम कवाधरना? माज्या जल्मात नाय ऐकला," म्हणाल्या आणि शेंगा घेऊन आत गेल्या. त्या रात्री मी देवाला सांगितलं, आवाज परत दे, वाटलं तर माझा घे. माझा आवाज तरी कसला, भांड्यांचा रॅक कोसळल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाकायचं निमित्त काढून निघाले, तर सासूबाई आधीच पुढच्या सीटवर. "मी पन येतंय. घरात जीव रमत नाय." नाक्यावर न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या ट्रेलरची रांग लागलेली. अर्धा तास आम्ही दोघी त्या बंद स्टिरिओसमोर बसून राहिलो. त्यांनी एकदाही लाव म्हटलं नाही. त्यानं तर मी जास्तच घाबरले.

रेडिओ-टेप दुरुस्त करणारे चाचा पनवेलमध्ये जुन्या गल्लीत बसत. मी त्यांच्यापुढे पेन ड्राइव्ह ठेवला आणि हळूच सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला.

"या अल्लाह! ताई, ह्याला नवरी केलीत की काय?"

"चाचा, हसू नका. ह्याची दुसरी प्रत नाही."

तेव्हा ते हसायचे थांबले. टूथब्रश स्पिरिटमध्ये बुडवून त्यांनी पिवळं-लाल सगळं घासून काढलं. मग बारीक चिमटा आत घालून काहीतरी ओढलं. तळहातावर ठेवून मला दाखवलं: तांदळाचा दाणा. माझी अक्षत.

"आता वाजेल?"

"इन्शाअल्लाह. पण लाइट गेलीय, कॉम्प्युटर बंद. तुमच्या गाडीतच बघू."

दुकानासमोरच लावलेल्या गाडीत सासूबाई होत्या! पण चाचा उठून चालायलाही लागले होते. त्यांनी दार उघडून सलाम केला आणि पेन ड्राइव्ह खोचला. स्टिरिओवर एक रेघ सरकायला लागली. सासूबाई एकदा रेघेकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या.

मग गल्लीत त्यांचा आवाज घुमला. भरदार, जसाच्या तसा! मी तिथेच दुकानाच्या पायरीवर बसले, मिक्सरचं भांडं मांडीवर घेऊन.

चाचांनी विचारलं, "मावशी, कोण गातंय?"

सासूबाईंनी छातीवर बोट ठेवलं. चाचांनी नुसती मान झुकवली, आणि मग दगाबाजी केली. तो दाणा त्यांच्यापुढे धरला. सासूबाईंनी तो निरखून बघितला, माझं पांढरं पडलेलं तोंड बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं.

"नवरा-नवरीच्या डोक्यावर टाकतात अक्षता," त्या कुजबुजल्या. "हिनं माज्या नरड्यात कोंबली."

आणि हसायला लागल्या. आवाज नाही, नुसते खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी. चाचा हसले, मग मीही. हसता हसता रडले.

लाइट आली की चार प्रती काढून देतो, असं चाचा सांगत होते. तेवढ्यात मागे एक टेम्पो अडकला आणि हॉर्न द्यायला लागला. मी घाईघाईनं गाडीत बसून चावी फिरवायला गेले, तर सासूबाईंनी माझा हात धरला.

"थांब. हा धवला पुरा होऊ दे. मांडवातून मधीच उठत नाय."

टेम्पोवाला वाजवत राहिला. त्यांनी स्टिरिओचा आवाज आणखी वाढवला.