व्हँकुव्हरला न गेलेली बाई

वेंग युए-श्या बाळंतपणं करते. म्हणजे दुसऱ्यांची. तिला स्वतःला मूलबाळ नाही, नवरा लग्नानंतर चार वर्षांतच गेला. पण आजवर शे-सव्वाशे तान्ही बाळं तिच्या पायांवर न्हाऊन निघाली असतील. आपली पोर लग्न होऊन परदेशी गेली, आता बाळंतपणात तिला तिळाच्या तेलातली आल्याची कोंबडी कोण करून घालणार, या काळजीने हैराण झालेल्या घरांतून तिला बोलावणं येतं. मग ती महिनाभर जाऊन राहते. लॉस एंजेलिस, सिडनी, ओसाका, कुठेही. तिकीट ती घरंच काढतात.

तैवानमधल्या च्यायी शहरात आमच्या इमारतीत ती तळमजल्यावर राहते आणि मी तिच्या बरोबर डोक्यावर. बावीस वर्षं झाली. मी तिला श्याताई म्हणते. ती घरात असली की मला खालून कळतं, कारण ती भांडी घासताना भांड्यांशी बोलते.

सात वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसच्या एका बाळंतिणीने तिला विमान कंपनीचं सभासद करून दिलं. त्या कार्डावर प्रत्येक प्रवासाचे मैल जमा होतात आणि पुरेसे साठले की त्यांवर तिकीट मिळतं. श्याताईने नंबर पाठ करून टाकला. बोर्डिंग पासचे तुकडे ती चंद्रोत्सवाच्या केकच्या रिकाम्या डब्यात ठेवू लागली, रबर लावून, वर्षवार. ते मैल कशासाठी हवेत हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं.

ते होते तिच्या अक्कासाठी. अक्का, म्हणजे वेंग छाई-यून, तिच्याहून बारा वर्षांनी मोठी. दोंगशीला समुद्राकाठच्या शेडमध्ये ती अकराव्या वर्षापासून कालवं फोडते. आई लवकर गेली, तेव्हा धाकटीला पाठीशी बांधून फोडली. तिला शिकवलं, नर्सच्या मदतनिसाचा कोर्स करायला धाडलं, लग्न लावून दिलं. स्वतः कुठे गेली नाही. तर तीन वर्षांपूर्वी या अक्काने टीव्हीवर हिरोशिमाची कालवं पाहिली, तळहाताएवढी.

"खोटं आहे," ती म्हणाली. "टीव्हीवाले भिंग लावतात."

पण विषय सोडला नाही. पुढचे दोन हिवाळे, धाकटी भेटायला गेली की निघायचंच. "एवढं मोठं कालव फोडायचं म्हणजे सुरी कसली लागत असेल गं?" श्याताईने ओळखलं, अक्काला जायचंय. आणि हेही ओळखलं की पैसे खर्चून न्यायचं म्हटलं तर ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही. मैलांचं तसं नव्हतं. मैल कुणी बाजारात देऊन भाजी आणत नाही.

जूनच्या एका दुपारी ती डबा काखेत मारून वर आली.

"तुझा कॉम्प्युटर चालू कर. दोघींच्या तिकिटांना पुरतात का बघू. माझ्या हिशेबाने पुरायला हवेत."

पुरत नव्हते. पाच-सहा हजारांना कमी पडत होते. आम्ही एकेक तुकडा पडद्याशी ताडून पाहिला आणि तासाभराने सापडलं. फेब्रुवारीत ती व्हँकुव्हरला गेली होती. परतीचे मैल जमा होते, जातानाचे नव्हते.

कारणही तिलाच आठवलं. तिकडच्या घरच्यांनी तिकीट काढताना तिच्या नावाचं स्पेलिंग चीनच्या पद्धतीने लिहिलं, पासपोर्टवर ते आपल्या जुन्या पद्धतीचं. विमानतळावर खिडकीवरच्या मुलीने अर्धा तास खटपट करून तिकीट दुरुस्त केलं, जातानाचं नवं काढून दिलं. त्या गडबडीत सभासद नंबर गळाला असणार.

"मागता येतात," मी नियम वाचून सांगितलं. "प्रवासापासून सहा महिन्यांच्या आत. बोर्डिंग पासची प्रत जोडायची."

तिने डबा उलटा केला. व्हँकुव्हरहून परतीचा तुकडा होता, जातानाचा नव्हता. 

"मला माहितेय तो कुठाय," ती म्हणाली. "पण मी फोन करणार नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. व्हँकुव्हरला ती उतरली तेव्हा बाळंतीण, थू यी-जेन तिचं नाव, आधीच हॉस्पिटलात पोचली होती. बाळ तीन आठवडे आधी आलं. श्याताई विमानतळावरून थेट तिकडे गेली. बाळाने किती दूध घेतलं, कधी घेतलं, हे लिहायला हाताशी कागद नव्हता, म्हणून खिशातल्या बोर्डिंग पासच्या पाठीवर लिहिलं. तो तुकडा तिथेच राहिला.

"मग माग की."

"ती माझ्याशी बोलत नव्हती शेवटी."

यी-जेनला आई नव्हती, आणि ती हट्टी. बाळंतिणीला महिनाभर वर्ज्य असूनही तिला केस धुवायचे होते, बर्फाचं पाणी हवं होतं, अंघोळीला कढत आल्याचं पाणी नको होतं. श्याताईही काही कमी नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदा कडाक्याचं वाजलं आणि यी-जेन ओरडली, "तुम्ही माझ्या आई नाही आहात!" श्याताईने उरलेले दिवस काम चोख केलं, तोंड बंद ठेवलं. निघताना नवरा सोडायला आला, यी-जेन खोलीबाहेर आली नाही.

"एकशे काही बाळंतपणं केली गं मी," श्याताई तुकडे पुन्हा रबरात घालत म्हणाली. "पण अशी पाठ फिरवून कुणी पाठवलं नव्हतं."

आठवडाभर मी तिच्या मागे लागले. शेवटी अक्काचं नाव काढलं तेव्हा ती माझ्याच घरून, माझ्याच फोनवरून बोलायला तयार झाली. पडद्यावर यी-जेन आली, मांडीवर गुटगुटीत पोर. 

"बारीक झालीस," श्याताई म्हणाली. "जेवतेस ना?"

"मावशी..." एवढं म्हणून ती पोरगी रडायलाच लागली. पोरही तिच्याकडे बघून रडायला लागलं.

"अगं त्याला सरळ धर आधी. मान बघ त्याची कशी झालीये!"

मग जरा शांत झाल्यावर श्याताईने भीतभीत तुकड्याचं विचारलं.

"तो मी देणार नाही हं," यी-जेन डोळे पुसत म्हणाली. उठून गेली आणि अल्बम घेऊन आली. पहिल्याच पानावर तो तुकडा चिकटवलेला, पाठीची बाजू वर. श्याताईच्या बारीक अक्षरात वेळा आणि आकडे. "हे याचं पहिलं जेवण आहे. मी कुणाला देणार नाही."

"मला नकोच आहे. फोटो पाठव. दोन्ही बाजूंचा."

"चिकटवलाय ना पण."

"वाफेवर धर. निघेल. मग परत चिकटव."

यी-जेन हसली. मग म्हणाली, "मावशी, एक सांगू? मी केस धूत होते. तुम्ही दुपारी पडलात की, रोज."

"ठाऊक आहे. शाम्पूचा वास काय लपतो होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"हेअर ड्रायरचा आवाज ऐकला होता. वाळवतेयस ना, मग धू म्हटलं."

दुसऱ्या दिवशी फोटो आला. आम्ही अर्ज भरला. नऊ दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं: तिकिटावरचं नाव सभासदाच्या नावाशी जुळत नाही, सबब मैल देता येत नाहीत. श्याताईने ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं. त्यानंतर पासपोर्ट घेतला, फोटोच्या प्रती काढल्या आणि म्हणाली, "चल, काओश्युंगला त्यांचं ऑफिस आहे. कागदाशी भांडता येत नाही, माणसाशी येतं."

ऑफिसात पन्नाशीच्या, चष्मा साखळीला लावलेल्या एक बाई होत्या, शी नावाच्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, पडद्यावर शोधलं आणि मान हलवली.

"ताई, आमच्या नोंदीत तुमचा जातानाचा प्रवासच दिसत नाही. मूळ तिकीट रद्द झालंय."

"परतीचा दिसतो?"

"हो. त्याचे मैल दिलेत."

"म्हणजे मी व्हँकुव्हरहून परत आले, पण तिकडे गेले नाही?"

"नोंदीप्रमाणे..."

"मग काय पोहत गेले मी? फेब्रुवारीत? बावीस किलोची बॅग घेऊन? त्यात तिळाच्या तेलाच्या सहा बाटल्या होत्या हो!"

शेजारच्या खिडकीवरचा माणूस हसू दाबायला खाली वाकला. शीबाईंनी मात्र चष्मा चढवला आणि फोटोची प्रत उजेडात धरली. तुकड्याच्या कडेला बारीक अक्षरात नव्या तिकिटाचा नंबर होता. तो त्यांनी टाकला. थांबल्या. पुन्हा टाकला. मग दुसऱ्या बाजूचा फोटो उचलून पाहिला.

"हे काय लिहिलंय?"

"बाळाचं दूध. पंधरा मिली, पंधरा, मग वीस. तीन आठवडे आधी आलेलं. चांगला भरलाय आता."

शीबाईंनी तो कागद पुन्हा नीट पाहिला. "सापडलं तिकीट," त्या म्हणाल्या. "दोन नावांची दोन माणसं धरली आहेत मशीनने. मी हाताने जोडून वर पाठवते. तीन आठवडे धरा."

अठरा दिवसांत मैल आले. श्याताईने वर येऊन मला एक अख्खा अननस दिला.

खरी लढाई अक्काशी होती. आम्ही दोघी दोंगशीला गेलो तेव्हा ती शेडमध्ये बसली होती, गुडघ्यापर्यंत बूट, समोर शिंपल्यांचा ढीग, हात चालूच.

"फुकट तिकीट?" ती म्हणाली. "म्हणजे उभं राहून जायचं का?"

"बसून, अक्का. खिडकीशी."

"आणि जेवण?"

"तेही मिळतं."

"मग यात काहीतरी गोम आहे. फुकट कुणी जेवायला घालत नाही."

"फुकट कुठे? सात वर्षं मी हवेत लोंबकळून मिळवलंय ते. तू नाही आलीस तर डिसेंबरात मुदत संपून सगळं पुसून जाईल. जाऊ दे. वाया जाऊ दे."

अक्काचा हात थांबला. वाया जाणं हा शब्द तिला सहन होत नाही. कालवाच्या शिंपल्याही ती, नवी कालवं धरायला, दोरीला ओवून परत पाण्यात लावते.

"वाया कशाला घालवतेस?" ती चिडून म्हणाली. "पासपोर्ट कुठे काढतात?"

नोव्हेंबरच्या शेवटी दोघी गेल्या. हिरोशिमात काय झालं ते मला दोघींकडून वेगवेगळं कळलं. अक्का म्हणते, कालवं मोठी आहेत, टीव्हीवाल्यांचं खरं, पण गोडी आपल्याकडची. श्याताई म्हणते, गोडी नाही म्हणत तिने अकरा खाल्ली.

एका गोष्टीवर मात्र दोघींचं एकमत आहे. बंदरावरच्या एका शेडच्या दाराशी अक्का उभी राहिली, आत आठ-दहा बायका फोडत होत्या. ती तिथून हलेना. आतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं आणि शेजारचा क्रेट पुढे ओढला. अक्का बसली. त्यांची सुरी तिला नीट बसेना, पहिलं कालव तिने चेंदून टाकलं. दुसरं बरं निघालं. चौथ्याला बायकांनी काम थांबवून पाहिलं. मग त्या म्हातारीने हातमोजा काढला आणि आपला डावा हात अक्काच्या डाव्या हाताशेजारी ठेवला. अंगठ्याखाली, त्याच जागी, तसेच पांढरे वण. दोघी एकमेकींच्या भाषेतलं अक्षर न समजता हसत सुटल्या, आणि श्याताईला शेडबाहेर जाऊन नाक पुसावं लागलं.

"तासभर बसली," श्याताई मला म्हणाली. "सुट्टीवर नेलं, तर तिथे जाऊन काम केलं बयेने. चहा द्यायला लागल्या तेव्हा उठली. आणि माझ्याकडे वळून म्हणते कशी, या बायका चांगल्या आहेत, यांना सांग माझी बहीण विमानाने हिंडते."

"मग सांगितलंस?"

"जपानी कुठे येतं मला? मी नुसती वाकले."

सध्या श्याताई मेलबर्नला आहे. जुळ्या मुली झाल्यात, दोघी एकाच वेळी जाग्या होतात, असं कळलं. अक्काला परदेशी फोन लावता येत नाही, म्हणून ती रविवारी सकाळी मला लावते.

"तिकडे थंडी आहे का गं?"

"नाही अक्का, तिकडे आता उन्हाळा."

"जानेवारीत?"

"हो. तिकडे उलटं असतं."

 मागून शिंपल्यांचा खळखळाट येत राहतो.

"बरं, मग जेवते का ते विचार," ती म्हणते आणि फोन ठेवून देते.