मागच्या डाव्या दाराची काच

साप चावलेल्या माणसाला कडुनिंबाचा पाला चारून ‘कडू लागला तर विष नाही, नाही लागला तर विष चढलं’ असं ठरवणाऱ्यांवर मी पत्रकं काढली आहेत. ‘पाला सोडा, दवाखाना गाठा!’ हे वाक्य माझंच. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर खुशाल हसा.

शेलूबाजारात आमच्या अंधश्रद्धाविरोधी गटाची एक जुनी कार आहे, असे पेशंट न्यायलाच ठेवलेली. तिच्या मागच्या डाव्या दाराची पॉवर विंडो बंद पडली होती. “करू नंतर,” असं म्हणणारा मीच.

गावालगतच्या मळ्यात मेथी खुडताना द्वारकामावशीला साप चावला. घरच्यांनी दोन तास पाला चारण्यात घालवले... दोन तास! मी भांडून तिला गाडीत मागे, डाव्या दाराशी बसवलं. तिचा भाचा तिच्या शेजारी बसला. तिच्या तोंडात पाला तसाच होता.

“बाबू, काच खाली कर. थुकू दे मले.”

मी बटण दाबलं. काच हलली नाही.

“गिळून टाक मावशे, दवाखाना आलाच.”

“कडू नाही लागून राह्यला रे...”

ती शेवटपर्यंत काचेवर हात आपटत होती. दवाखान्याच्या फाटकात हात थांबला.

तीन दिवसांनी मी गाडी रशीदभाईंच्या गॅरेजात नेली. त्यांनी दाराचं आतलं पॅड काढलं. “मोटर जळेल हाय. दुसरी येईस्तोवर पाचर मारून देतो. काच बापाच्यानं हलत नाही.” जळकी मोटर त्यांनी टेबलावर ठेवली.

गॅरेजातून परतताना, भर दुपारी, एकटाच, मी त्याच मळ्यापाशी आलो आणि मागे मोटरची घरघर ऐकू आली. मागची डावी काच सावकाश खाली गेली. पूर्ण. मग बाहेर कुणीतरी थुंकल्याचा आवाज... मी वळून बघितलं नाही. बघायला हवं होतं, माझं कामच ते. पण मान वळेना.

गाडी फिरवून थेट गॅरेज.

“काहून हो विज्ञानवाले, मस्करी करता का गरिबाची?” रशीदभाई हसले. मोटर टेबलावरच होती. त्यांनी पॅड पुन्हा उघडलं आणि त्यांचं हसू गेलं. काच खाली, पण पाचर जागच्या जागी, घट्ट. आणि दाराच्या तळाशी चघळलेला, ओला, हिरवागार पाला. त्यात एक पान अख्खं.

“हात नका लावू भाऊ.”

मला राग आला. त्यांचा, स्वतःचा, सगळ्यांचा. “पाल्याले काय भ्यायचं?” म्हणून मी ते पान उचललं आणि त्यांच्यासमोर चावलं.

“कडू हाय ना?” त्यांनी हळूच विचारलं.

मी म्हणालो, “हो.”

खोटं बोललो. काहीच चव नव्हती... कागद चघळल्यासारखं.

रक्त तपासून आलो, सगळं नॉर्मल. नवी मोटर बसली, काच नीट चालते, पेशंट जातात. भाचा म्हणतो, पाला आधीच दारात पडला असेल. पण बंद काचेतून आत कसा? आणि तीन दिवस ओला?

पत्रकं अजून वाटतो, तेच वाक्य छापून. फक्त रोज सकाळी, कुणी बघत नाही ना हे पाहून, अंगणातल्या कडुनिंबाचं एक पान चावतो. कडू लागलं, की मगच गाडीची चावी उचलतो.