अ, ब, क आणि बाकीचे

मास्तरकी सुटून इतकी वर्षं झाली, पण आम्ही जुने विज्ञानवाले एकत्र बसलो की चहा निवतो आणि विषय सुटत नाही. एकानं एक सांगितलं की दुसऱ्याला त्याहून अवघड आठवतं. गंमत अशी, की आम्ही सगळे शास्त्राचे! भुताखेतांना हसायला पोरांना शिकवणारे! आणि गाठीशी साठलंय ते मात्र हे असलं.

आम्ही म्हणजे तिघं. काशिनाथ सर तापीकाठच्या गुजर शेतकरी घरातले. घरी केळी, ऊस, कापूस, पण जीव सगळा खडूत. वसावे सर सातपुड्यातले आणि डोंगरातल्याच एका शाळेवर. आणि मी, शहाद्याकडच्या एका हायस्कुलात काशिनाथ सरांच्या हाताखाली नवा लागलेला.

मतदानाची टूम काशिनाथ सरांची. निवडणुकीत ते एका केंद्रावर ड्युटीला होते. तेव्हा दर उमेदवाराची वेगळी पेटी असे. ते बघून आल्यावर त्यांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला, खाली अ, ब, क अशी तीन उत्तरं, आणि वर्गाला सांगितलं, "कोणाला विचारायचं नाही. ज्याला जे पटेल त्याला हात वर!"

हात मोजायचे, मग शेजाऱ्याशी भांडू द्यायचं, मग पुन्हा मत घ्यायचं. उत्तर सगळ्यात शेवटी. पोरं तास संपला तरी उठेनात!

मीही उत्साहानं एक प्रश्न काढला. पाणी तापवलं की त्याची वाफ होते का? अ, होय. ब, नाही. सगळे हात ‘अ’ला. मी खूश!

काशिनाथ सर मागच्या बाकावर बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "ज्याला सगळे हात एकाच बाजूला, तो प्रश्न नव्हे हो. ती प्रार्थना!"

वर्ग मधोमध फुटला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. आणि चुकीचं उत्तर मास्तरानं मनानं रचायचं नाही, ते पोरांच्या तोंडून उचलायचं. त्यांना जे खरंच वाटतं तेच फळ्यावर यायला हवं.

या दुसऱ्या नियमानंच घोळ केला.

*

शाळेमागे एक खोल विहीर होती. उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी पार तळाला जायचं. प्रतिध्वनीचा धडा चालू होता. काशिनाथ सरांनी प्रश्न टाकला, विहिरीत हाक मारली तर उलट हाक का येते? अ, आवाज भिंतीवर आणि पाण्यावर आपटून परततो. ब, आवाज खाली जाऊन मोठा होतो. क, वारा तो वर आणतो.

एक मुलगा उठला. "सर, ‘ड’ बी लिखा ना."

"काय लिहू?"

"मझार कोनी तरी शे."

आत कोणीतरी आहे! वर्ग हसला नाही. सरांनी नियमाप्रमाणे ते लिहिलं. मत घेतलं तर झाडून सगळे हात ‘ड’ला!

सर म्हणाले, "चला विहिरीवर!" मीही गेलो. त्यांनी वाकून हाक मारली, "ओ काशिनाथ!" खालून आलं, "काशिनाथ!" दोनतीनदा करून दाखवलं. पोरांच्या माना हलायला लागल्या. मग सर तसेच वाकलेले असताना म्हणाले, "बोला, अजून कोणाला वाटतं आत कोणी आहे?"

खालून आवाज आला, "हात वर!"

आणि सगळ्या वर्गानं हात वर केले!

मी पोट धरून हसलो. परत येताना म्हटलं, "सर, पोरं तुमचं नाही, विहिरीचं ऐकतात!"

सर हसले नाहीत. वर्गात खडू ठेवून, हात झटकून म्हणाले, "मी ‘हात वर’ म्हणालो होतो का हो?"

मी आठवून बघितलं. नव्हते म्हणाले.

*

हा माझा. न बघता पुराव्यावरून कसं ओळखायचं, ते शिकवायचं होतं. एका पितळेच्या डबीत मी घरून लोखंडी खिळा घालून आणला, झाकण दोऱ्यानं करकचून बांधलं. फळ्यावर प्रश्न, डबीत काय आहे? अ, खिळा. ब, काचेची गोटी. क, बटण.

डबी बाकाबाकावरून फिरली. प्रत्येकानं कानाशी धरून हलवली. खुळखुळ स्पष्ट. मग लोहचुंबक दिला. डबीच्या बुडाला चुंबक लावून फिरवला की आतली वस्तू त्याच्यामागे सरकताना ऐकू यायची. पहिल्यांदा मतं फुटली, दुसऱ्यांदा जवळजवळ सगळी ‘अ’वर आली. असा तास साधला की मास्तरला दोन घास जास्त जातात!

मी मध्ये उभा राहून सगळ्यांदेखत दोरा सोडला. झाकण काढलं.

डबी रिकामी.

मी उलटी केली, बोट फिरवून बघितलं. डबी मघापासून सगळ्यांच्या नजरेसमोर होती. मग पहिल्या बाकावरची मुलगी अगदी गंभीरपणे म्हणाली, "सर, मंग बरोबर उत्तर कोनतं?"

ते मी फळ्यावर लिहिलंच नव्हतं!

*

वसावे सरांच्या शाळेतली पोरं हात वर करायला लाजायची. पोरं पावरी बोलणारी, सर भिल्लीवाले. दोघांचं मिळून जे जमेल त्यात तास चालायचा. तेव्हा ते डबे ठेवायचे आणि मत म्हणून पोरं त्यांत चिंचोके टाकायची.

एकदा त्यांनी मक्याचे दाणे घेतले. निम्मे उकळत्या पाण्यात घालून मारले, पुन्हा कडक वाळवले आणि सगळे एकत्र केले. आता त्यांना स्वतःलाही फरक कळेना. प्रत्येक पोराला मूठभर दाणे दिले. "जिवंत वाटेल तो दाणा या डब्यात, मेलेला वाटेल तो त्या डब्यात." दोन्ही डब्यांत खिचडी होणार, मग दोन वाफ्यांत पेरून दाखवायचं, की जीव आहे का नाही ते नुसतं बघून कळत नसतं. प्रश्न चांगलाच होता!

पोरांनी बघितलंच नाही. एकेक दाणा कानाशी नेला आणि डब्यात टाकला.

सरांनी दोन वाफे पेरले. एक वाफा सबंध हिरवा झाला. दाण्यामागे कोंब! दुसऱ्यात काडीसुद्धा उगवली नाही.

वसावे सरांनी एका पोराला जवळ घेतलं. "काय रे, कसं ओळखलंत?"

"ऐकू येत होतं ना, सर. ओरडत होते."

"जिवंत होते ते?"

"नाही," पोरगं म्हणालं. "जिवंत गप्प होते."

वसावे सर हा किस्सा संपवतात आणि उठून चहाचं आधण ठेवतात.

*

आमच्या भागात सावली वर्षातून दोनदा नाहीशी होते. सूर्य अगदी डोक्यावर येतो तेव्हा. एकदा मेच्या अखेरीस, तेव्हा शाळेला सुटी. एकदा जुलैत, तेव्हा आभाळ. त्यामुळे मास्तरांनाही पटत नाही!

मी मत घेतलं. भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी कधी होते? अ, रोज. ब, कधीच नाही. क, काही ठरावीक दिवशी. वर्ग छान फुटला. त्या वर्षी नेमका त्या दिवशी ढगांना खिंडार पडलं. मी सगळ्यांना मैदानात पळवलं.

झेंड्याचा खांब नुसता उभा. जमिनीवर त्याची रेघ नाही! पोरांनी आपापल्या पायाशी बघितलं, तर सावली तळव्यांखाली गोळा. काही टाळ्या पिटायला लागली, एक तर घाबरून रडायलाच लागलं.

"सर, ती कोनी शे?"

कोणाची म्हणून विचारत एका मुलीनं बोट दाखवलं. मैदानाच्या कडेला चिखलावर एक लांब सावली पडली होती. माणसाची. सकाळी लवकर पडते तशी. आम्ही बघत असताना ती फाटकाकडे निघाली. घाई नाही, गडबड नाही. फाटकातून बाहेर पडली आणि ढग मिटले.

काशिनाथ सर व्हरांड्यातून बघत होते. म्हणाले, "घार असेल."

मी वर बघितलं. मग त्यांच्याकडे बघितलं.

"घारच म्हणायचं," ते म्हणाले, आणि घंटा द्यायला सांगून आत गेले.

*

आता हा शेवटचा. हा मी फार कोणाला सांगत नाही.

मधे काही महिने मला तापीकाठच्या एका गावी बदलीवर जावं लागलं. शाळा सातवीपर्यंत. गुजरांची घरं बरीच, केळीचे मळे नदीपर्यंत गेलेले, वर एक टेकडी, टेकडीवर पिंपळ. गावाचं नाव सांगून उपयोग नाही, आता ते नकाशात सापडायचं नाही.

पोरं मोठी गोड, पण मतदान जमेना. पुढारी पोराचा हात वर गेला की सगळ्यांचे जायचे. म्हणून मी सांगितलं, "डोळे मिटा. पक्के मिटा. मग हात वर."

प्रश्न सोपा काढला होता. मोठ्यात मोठा पूर आला तर पाणी गावात कुठवर येईल? अ, घाटाच्या पायऱ्या. ब, मारुतीचा पार. क, शाळेचा ओटा. म्हाताऱ्यांच्या आठवणीत पाणी एकदा पाराला टेकलं होतं. पोरांनी घरी विचारावं, जुन्या खुणा शोधाव्यात, पुरावा म्हणजे काय ते कळावं, एवढाच हेतू.

"‘अ’ला हात वर!" कोणी नाही.

"‘ब’ला!" कोणी नाही.

"‘क’ला!" कोणी नाही. तीसएक पोरं डोळे मिटून शांत बसलेली.

"अरे, मग कुठवर?"

सगळ्यांचे हात एकदम उठले. डोळे मिटलेलेच. आणि सगळी बोटं खिडकीतून वर, टेकडीकडे. पिंपळाकडे.

मी हसलो. वर्गात कमू नावाची हुशार मुलगी होती. तिला म्हटलं, "कमू, डोळे उघड. अगं, तिथवर पाणी आलं तर गाव कोठे असेल?"

"खाले," कमू म्हणाली. जसं काही मी दोन अधिक दोन विचारले होते!

मी पुसून टाकला तो प्रश्न. पाणी उताराकडे वाहतं, एवढा मोठा पूर या नदीला येऊच शकत नाही, असं सगळं नीट समजावलं. पोरांनी ऐकून घेतलं. पुढे माझी बदली परत झाली.

काही वर्षांनी कानावर आलं, खाली गुजरातेत धरण होतंय, पाणी मागे चढणार, ते गाव जाणार. मला राहवेना, भेटून यावं म्हणून गेलो. मोजणीची माणसं दुर्बिणी लावून फिरत होती. अर्धा गाव त्यांच्यामागे टेकडी चढत होता, मीही चढलो. त्यांच्यातल्या एकानं दुर्बिणीतून बघितलं, दुसऱ्याला हातानं खूण केली. दुसऱ्यानं चुन्यात कुंचला बुडवला आणि पिंपळाच्या बुंध्यावर आडवी पांढरी रेघ ओढली.

"इथवर," तो म्हणाला.

बायका पदर तोंडाला लावून खाली गावाकडे बघत होत्या. शाळेची कौलं दिसत होती, पार दिसत होता.

त्या बायकांत कमू होती. लग्न होऊन गेली होती, माहेर शेवटचं बघायला आली होती, कडेवर मूल. मला ओळखून पाया पडली. मी तिला बाजूला घेतलं.

"कमू, तुला तो प्रश्न आठवतो? पाण्याचा?"

"हा, सर."

"धरणाचं तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं गं. तुम्हा पोरांना कसं कळलं?"

तिनं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. माझ्याकडे जरा नवलानंच बघितलं.

"आम्हले काय ठाऊक, सर? तुम्हीनच सांगं व्हतं, डोया मिटा म्हनीसन. डोया मिटात नि पानी दिखनं. समदासले दिखनं."

तिला माझी कीव आली असावी. हळूच म्हणाली,

"तुम्हनाच डोया उघडा व्हतात, सर."