चाखलेलं पाणी

"दोन दिवस थांब, भाऊ. पोट काय म्हणतंय ते बघू, मंग लिहू."

काकांचं हे वाक्य मी शंभर वेळा तरी ऐकलं असेल आणि दर वेळी मला मळमळलं. कारण त्याच्या जरा आधी काय झालंय ते मी डोळ्यांनी पाहिलेलं असायचं. किल्ल्यावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं दिसलं की काका काठाशी उकिडवे बसायचे, पंजानं शेवाळ बाजूला सारायचे आणि ते हिरवट पाणी ओंजळीनं प्यायचे. एक नाही, चांगल्या तीन ओंजळी. मिशा पुसून खिशातली वही काढायचे, टाक्याची जागा आणि तारीख लिहायचे आणि पुढचा रकाना कोरा ठेवायचे. तो दोन दिवसांनी भरायचा. पोट ठीक राहिलं तर 'चालेल', बिघडलं तर फुली.

पाणी तपासायची ही पद्धत जगात आणखी कुणी वापरत असेल असं मला वाटत नाही. वापरत असेल तर मला त्याच्या शेजारी बसवू नका.

आम्ही दोघं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होतो. मी ऑफिसात, काका कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर. मूळचे नांदगावकडचे, निवृत्तीला दोनेक वर्षं राहिलेली. कॉलनीत आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचे. कितीही हात धुतले तरी त्यांच्या नखांत कोळसा असायचाच आणि त्याच नखांनी भाकरी मोडून ते माझ्यापुढे धरायचे. "घे रे, लाजू नको." मी लाजत नव्हतो. मला किळस यायची. तुम्हालाही आली असती, उगाच मोठेपणा नको.

पण डोंगर त्यांना माहीत होते. म्हणून नाशकातल्या आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये त्यांना मीच नेलं. आम्ही बावीस जण होतो, सगळे नोकरीवाले, महागड्या बुटांचे, रविवारी डोंगर आणि सोमवारी फोटो अशा जातीचे. सातमाळेची डोंगररांग अचला किल्ल्यापासून धोडप किल्ल्यापर्यंत सलग चालायची असं ठरलं आणि वाट आणि वेळा आखायचं काम काकांनी आपणहून अंगावर घेतलं. त्यासाठी ते पावसाळा सरल्यापासून दर साप्ताहिक सुटीला हिंडले. बऱ्याचदा मीही बरोबर गेलो.

त्यांना किलोमीटर कळत नसत असं नाही, पण त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. पायथ्याच्या गावात पाणी भरणाऱ्या बाया दिसल्या की थांबायचे. "मावशी, भरला हंडा घिऊन वर याला किती येळ लागतो?" मावशी म्हणणार, अर्धा घंटा. काका वहीत अर्धा तास मांडायचे. मी म्हणालो, आपल्याकडे कुठे हंडे असतात? तर म्हणाले, "तुमच्या पाठीवरच्या पिशव्या काय हलक्या हायेत का? आन् ती माउली रोजची चालणारी हाय. तुमच्यासाठी वरून धा मिनिटं धरू." त्या हिशेबात कधीही पाच मिनिटांचा फरक पडला नाही. मला त्याचाही राग यायचा, कारण माझ्या हातावरचं महागाचं घड्याळ दर वेळी चुकायचं.

ट्रेक जानेवारीअखेर ठरला होता. ग्रुपच्या म्होरक्यानं तो मार्चमध्ये ढकलला, जोडून चार दिवस सुटी येत होती म्हणून. कॉलेज रोडवरच्या त्याच्या फ्लॅटवर बैठक झाली. काका खुर्चीच्या टोकावर बसले होते, सोफ्याला कोळसा लागेल म्हणून.

"मार्चचं पाणी मी प्यालेलो नाय," काका म्हणाले. "वहीतलं समदं पाणी जानेवारीपर्यंतचं हाय."

"काका, सगळं नेटवर आहे. टाक्यांसकट."

"नेटवाल्यानं ते कोणत्या महिन्यात प्यालं?"

सगळे हसले. त्या प्रश्नात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी हसलो. म्होरक्या म्हणाला, पोस्टर गेलंय, आता तारीख बदलत नाही.

परतताना काका स्कूटरवर माझ्या मागे बसले होते. द्वारका चौकात पुढे वाकून म्हणाले, "बावीस लेकरं हायेत. तिसऱ्या मुक्कामाला ते एकच टाकं. नसलं पाणी तर काय करतील? आन् असलं, पर वाईट असलं, तर?" त्यातली निम्मी लेकरं चाळिशीला आलेली होती. मी म्हणालो, होईल काहीतरी.

ट्रेकच्या आधीच्या शनिवारी ते रजा टाकून एकटेच गेले. सोमवारी काकूंचा फोन आला की यांना दवाखान्यात ठेवलंय.

वॉर्डातल्या वासानं मी दारातच थबकलो. काकांचे गाल आत गेले होते. एका हाताला सलाइन, दुसऱ्या हातानं त्यांनी उशीखालून वही काढली. तिसऱ्या मुक्कामाच्या टाक्यापुढे फुली होती.

"तळाला वानर मेलेलं हाय," ते म्हणाले. "पिऊन झाल्यावर दिसलं."

मी पलंगापासून पाऊलभर मागे सरलो. काका मात्र कामाचं बोलत होते. त्या टाक्याला हात लावायचा नाही. धारेवरून खाली उतरून पाड्यावरच्या विहिरीवर पाणी भरायचं. फेरा दोन तासांचा, म्हणून त्या दिवशी पहाटे पाचला निघायचं. विहीर त्यांनी येतानाच बघून ठेवली होती. तसल्या अवस्थेत फेऱ्याची वेळसुद्धा मोजली होती. मग आवाज उतरवून म्हणाले, "एक काम करशील? त्या टाक्याजवळच्या गुहेत मी रातभर व्हतो. गुहेच्या तोंडाशी उलट्या झाल्या, लय झाल्या. माती टाकली, पर हातात जीव नव्हता. आत शेंदूर लावलेला देव हाय, गावची माणसं येतात. तू जाशील तव्हा नीट झाकून टाक."

मी हो म्हणालो.

वहीच्या पानाचा फोटो मी ग्रुपवर टाकला, काका दवाखान्यात असल्याचंही लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याचा सुबक तक्ता होऊन आला, खाली मार्गनियोजन म्हणून म्होरक्याचं नाव. काकांबद्दल एकानं विचारलं, या वयात कशाला जायचं एकट्यानं? बाकीच्यांनी त्यावर अंगठ्याची चित्रं टाकली. मला या सगळ्यांची शिसारी आली. पण मीही अंगठाच टाकला.

तिसऱ्या दिवशी आम्ही पहाटे पाचला निघालो आणि दुपारी तीनच्या सुमारास त्या गुहेपाशी आलो. तोंडाशी वाळलेला मोठा डाग होता, वर चार मुठी माती, मातीवर बोटांचे फराटे आणि मुंग्यांची रांग.

"शी!" कुणीतरी ओरडलं. म्होरक्यानं मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. "बघा मित्रांनो, आपल्या किल्ल्यांची काय दशा केलीय लोकांनी. येतात, पितात, ओकतात." सगळे नाकं दाबून मान हलवत होते. एकीनं मला विचारलं, "कोण असतील रे असली माणसं?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. झाकायला पायाजवळची दोन ओंजळी माती पुरली असती. मी नाकाला रुमाल लावला.

"असतात काही लोक," म्हणालो आणि पुढे चालू लागलो.

पाड्यावरच्या विहिरीचं पाणी गार आणि गोड होतं. बावीस जणांपैकी एकाचंही पोट बिघडलं नाही.

काका त्या दुखण्यातून उठले, पण पट्ट्यांवर चढण्याची ताकद राहिली नाही. राहिलेली नोकरी सोडून ते नांदगावला निघाले. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी खाली गेलो. शर्ट अंगावर लोंबत होता. नखं प्रथमच स्वच्छ दिसली आणि मला ते बरं वाटलं नाही.

"समदे नीट आले ना?"

"आले काका."

"कुणाचं पोट?"

"कुणाचंच नाही."

ते तोंडभर हसले. मग काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून जवळ सरकले. "आन् ते झाकलंस ना रे?"

"हो काका. नीट झाकलं."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुला किळस लय येती, मला काय ठावं नाय व्हय? भाकरी बी तू डोळे मिटून खायचा. तरी केलंस बघ माझ्यासाठी."

टेम्पो कॉलनीच्या फाटकाबाहेर गेला. काका पुन्हा एकलहऱ्याला आले नाहीत. आणि मी अजून त्या गुहेकडे गेलेलो नाही.